उलट्या रेघा

ओल्या चुन्याला कुणाची भीडमुर्वत नसते. घरात लग्न असो, दुखणं असो, कुणी कुणाशी अबोला धरलेला असो. एकदा तो भिंतीवर चढला की आपल्या गतीने वाळणार, आणि तो वाळायच्या आत जे काय रंगवायचं ते रंगवून मोकळं व्हायचं. नंतर रंग बसत नाही, आणि बसला तर टिकत नाही. या घराची तीन पिढ्यांची शिस्त एवढ्या एका गोष्टीवर उभी होती. म्हणूनच सकाळी साडेआठला नानांनी थापीवरचा शेवटचा चुना भिंतीवर ओढला आणि वहिनीने, त्यांच्या बायकोने, घड्याळाकडे बघितलं.

"झालं," नाना परांचीवरून उतरत म्हणाले. "साडेदहाला धरेल. दोनपर्यंत चालेल. त्यापुढे माझ्याशी भांडायला यायचं नाही."

नाना एरवीही कमीच बोलत, आणि बोलत ते चुन्याबद्दल. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला एकदाही 'छान दिसतेस' म्हटलं नव्हतं. 'आज रंग चांगला वाटलायस' असं मात्र तीनदा म्हटलं होतं, आणि वहिनीने ते तिन्ही दिवस लक्षात ठेवले होते.

प्रार्थनाघराच्या त्या लांबलचक भिंतीवर दहा माणसं ओळीने उभी होती, पाण्याचं भांडं एकमेकांच्या हातात देत. पहिला विहिरीपाशी, आणि शेवटची, दहावी, एक म्हातारी, जिच्यासाठी हे पाणी निघालं होतं. नऊ जणांना चेहरे होते. म्हातारीच्या मानेवर मात्र वीतभर ओला पांढरा तुकडा होता, नुकताच लावलेला. बाकीचे नऊजण एकमेकांकडे बघत होते. ही एकटीच समोर, बघणाऱ्याकडे बघणार होती.

नाना चुन्याची भांडी घेऊन मागच्या नळावर गेले, तशी खुर्चीत बसलेली ताई पुढे वाकली. ताई म्हणजे नानांची मोठी बहीण. भिंत तिच्या नावाची होती; बाहेर तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत, आणि चार-पाच शहरांतल्या प्रार्थनाघरांत तिच्या भिंती होत्या. तिचा उजवा हात लोकरी जाकिटाच्या खिशात होता. तो खिसा आतून हलत होता.

"पोरं अकराला येतील, साडेबाराला जातील," ती हळूच म्हणाली. "मग नानाला जेवायला पाठवायचं. आपल्याला दीड तास मिळतो."

"दीड तासात समोरचा चेहरा? ताई, आजवर सगळे बाजूने बघणारे केले मी. ही माझ्याकडे बघणार आहे."

"बघू दे. तिला काय माहीत तू कोण ते."

वहिनीला हसू आलं. तिने खलातला तांबूस रंग पुन्हा वाटायला घेतला. तो वाटून केव्हाच झाला होता.

सव्वा वर्षापूर्वी, तिसऱ्या चेहऱ्याच्या सकाळी, ताईचा हात थरथरायला लागला तो थांबलाच नव्हता. तुकडा ओला होता. 'वहिनी, तू धर ब्रश,' ताई म्हणाली होती, 'मी सांगते तशी रेघ ओढ, नाहीतर सगळं पाडावं लागेल.' वहिनीने ब्रश धरला तो डाव्या हातात, कारण ती डावखुरी. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सासऱ्यांनी, तात्यांनी, त्या हातात ब्रश बघितला होता आणि म्हणाले होते, 'सूनबाई, तू रंग वाट. लावायला घरची माणसं आहेत.' रागावून नाही म्हणाले. राग आला असता तर निदान भांडता आलं असतं. तेव्हापासून ती रंग वाटत होती. वाटता वाटता नुसतं बघून ती सगळं शिकून बसली होती, हे तिलाही त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं.

तिसरा चेहरा ताईच्या सांगण्यावरून झाला. चौथ्याला ताई कमी बोलली. पाचव्याला ती बोललीच नाही, खाली बसून रडली, आणि वर बघून म्हणाली, 'हा माझ्याच्याने झाला नसता.' असे सात झाले. चेहरा रंगवताना चित्रकाराच्या पाठीशी कुणी उभं राहायचं नाही, हाही तात्यांचाच नियम. तो या दोघींच्या चांगलाच पथ्यावर पडला होता. या घरातली माणसं खोटं बोलत नसत, गप्प बसत, आणि गप्प बसण्याचा हिशोब त्यांना कुणी कधी मागितला नव्हता.

साडेनऊला वकीलदादा आले. दादा म्हणजे ताईपेक्षाही मोठे भाऊ. या कामाचा करार त्यांनीच लिहिला होता आणि प्रार्थनाघराच्या मंडळाला सल्लाही तेच देत, म्हणजे दोन्ही डगरींवर पाय.

"ताई, बबीने काय छापलंय वाचलंस का?" ते दारातूनच म्हणाले. बबी ही नाना-वहिनीची मुलगी, कलामहाविद्यालयात शिकवायची. आज येणारी मुलं तिचीच. "'शेवटचा चेहरा विद्यार्थ्यांसमोर प्रत्यक्ष रंगवतील.' प्रत्यक्ष!"

"मी तिला असं काही कबूल केलं नव्हतं."

"तू 'बघू' म्हणाली असशील. तुझ्या बघूला ती लहानपणापासून हो समजते." दादा खुशीत होते. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी म्हणतो बरंच झालं. अध्यक्ष परवा मला विचारत होते, बाईंचा हात पूर्वीसारखा चालतो ना? कुणीतरी त्यांचे कान फुंकलेत. आज बावीस पोरांनी डोळ्यांनी बघितलं की सगळ्यांची तोंडं बंद."

"आणि नसता चालत तर?" वहिनीने खलातून मान वर न काढता विचारलं.

"तर सहावं कलम आहे. सगळे चेहरे बाईंच्या स्वतःच्या हातचे. दुसऱ्याचा हात निघाला तर तेवढा भाग खरवडून काढायचा मंडळाला अधिकार. मीच लिहिलंय, त्यामुळे पळवाट नाही." ते थांबले. "तू का विचारतेस?"

"सहज."

दादा फोनवर बोलत अंगणात गेले. ताईने डोळे मिटले. "दादाला सांगून टाकूया का गं?"

"नको. त्यांना काही सांगितलं की ते वकील होतात."

*

बबी मुलांना घेऊन बरोब्बर अकराला आली. या परांच्यांखाली ती रांगली होती, चुन्याच्या गोण्यांवर बसून पाढे पाठ केले होते तिने. आणि आज आपली मुलं म्हणावीत अशी बावीस जणं ती इथे आणत होती. तिला अभिमान वाटायला हवा होता. वाटत होती ती धाकधूक.

गेलं वर्षभर घरात काहीतरी होतं. ती आली की आई आणि आत्या बोलायच्या थांबत. आई तिच्या नजरेला नजर देत नसे. तीन महिन्यांपूर्वी न राहवून बबी म्हणाली होती, 'आई, अजून किती वर्षं दुसऱ्याचे रंग वाटणार तू? तुझं स्वतःचं असं काही करावंसं वाटत नाही का तुला?' आई एकदम उठून आत गेली होती. चूल, भांडी, नळ, सगळ्यांचे आवाज आले. बबीने ठरवून टाकलं होतं की आपण आईला दुखावलं, आणि आत्या आईला मोलकरणीसारखं राबवते. दोन्ही गोष्टींचा तिला सारखाच त्रास होत होता.

"या, या. बसा खाली, सतरंजी आहे," आत्या खुर्चीतून म्हणाली. "परांचीला मात्र कुणी टेकू नका. तिला माझ्याइतकीच सवय आहे पडायची."

मुलं हसली. आत्या बोलायला लागली की माणसं हसत, हे बबीला आवडत आलं होतं. पण आज आत्याने उजवा हात खिशातून काढलाच नव्हता, आणि आई रंगाच्या वाट्या पुसत होती, ज्या पुसलेल्याच होत्या. तीन-तीनदा.

"बाई, तुम्ही प्रार्थनाघरं रंगवता, पण देव कुठेच का नाही?" एका मुलाने विचारलं.

"मी बघितला नाही म्हणून."

पुन्हा हशा.

"खरं सांगते. माझे वडील म्हणायचे, देव रंगवायचा नाही, त्याचा उजेड ज्यांच्या तोंडावर पडतो ती माणसं रंगवायची. उजेड कुठून येतो ते बघा." सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. दहाही जणांवर उजेड एकाच बाजूने पडत होता, जिथे खरीखुरी खिडकी होती. "ही माणसं काय करताहेत? पाणी देताहेत. एवढंच. मला याहून मोठी प्रार्थना सुचली नाही."

"आणि चेहऱ्याआधी काय करता ते सांग ना, आत्या," बबी म्हणाली.

आत्याने भिंतीवरच्या कोऱ्या तुकड्याकडे बघितलं. "चेहऱ्याआधी कोऱ्या चुन्यासमोर उभं राहायचं आणि एका जिवंत माणसासाठी काहीतरी मागायचं. कुणासाठी ते कुणाला सांगायचं नाही. मागून झालं की रंगवायचं."

"आणि आपला देवावर विश्वासच नसला तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"माणसावर तरी असेल की. तेवढ्यावर सुरुवात करता येते."

मुलं वह्यांत लिहून घेत होती. बबीने आईकडे बघितलं. आई आत्याकडे अशी बघत होती की जणू ती हे पहिल्यांदाच ऐकत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

तेवढ्यात एक जाड चष्म्याची मुलगी सतरंजीवरून उठून भिंतीपाशी गेली होती. ती वर्गातही अशीच, बाकीचे समोरून बघतात तेव्हा ही कडेने बघणार. तिने मोबाइलचा दिवा लावून भिंतीला जवळजवळ चिकटवून धरला. त्या आडव्या उजेडात भिंत एकदम वेगळी दिसायला लागली: तुकड्यांचे सांधे उठून आले, थापीची ओढ दिसली, रेघ न् रेघ मोजता यावी अशी झाली.

"बाई, एक विचारू का?"

"विचार की. त्यासाठीच आलात."

"पहिल्या दोन चेहऱ्यांच्या बारीक रेघा अशा कललेल्या आहेत." तिने हात एका बाजूला कलता करून दाखवला. "तिसऱ्यापासून पुढे सगळ्या अशा." हात दुसऱ्या बाजूला कलला. "उलट्या. आणि चौथ्यापासून गिलाव्याची ओढसुद्धा उलटी आहे. पहिल्या तीन चेहऱ्यांना थापी डावीकडून उजवीकडे गेलीय, पुढे उजवीकडून डावीकडे. हे मुद्दाम केलंय का?"

*

ताईला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर कौतुक. चाळीस वर्षांत मंडळांच्या अध्यक्षांनी, जाणकारांनी, खुद्द तात्यांच्या मित्रांनी इतक्या भिंती बघितल्या. कुणाला असा दिवा धरायचं सुचलं नव्हतं. या घरालाही नव्हतं. रंग जुळवला, जाडी जुळवली, डोळ्यांच्या कडा जुळवल्या, आणि रेघ कुठल्या अंगाला झुकते एवढंच बघायचं राहून गेलं, कारण ही भिंत सगळे नेहमी समोरून आणि चांगल्या उजेडात बघत.

कौतुक ओसरलं आणि मागोमाग भीती आली. सहावं कलम. सात चेहरे. छिन्नी.

गिलाव्याचं त्या मुलीने काय म्हटलं ते तिच्या डोक्यात शिरलंच नाही. कुणाच्याच शिरलं नाही, कारण वकीलदादा खुर्चीवरून उठले होते.

"मुली, तू हुशार आहेस!" दादा भरल्या आवाजात म्हणाले. ताई काही बोलत नाही हे त्यांनी पाहिलं होतं. जन्मभर त्यांनी गप्प बसलेल्या पक्षकारांच्या वतीनेच उत्तरं दिली होती. "आम्ही हे कुणाला सांगणार नव्हतो. माझ्या बहिणीचा उजवा हात मध्ये दुखावला. दुसरी कुणी असती तर काम सोडून घरी बसली असती. हिने साठाव्या वर्षी डावा हात शिकवला! तिसऱ्यापासूनचे सगळे डाव्या हाताचे!"

आणि मग टाळ्या. बावीस जणांच्या टाळ्या त्या उंच छताखाली केवढ्यातरी मोठ्या झाल्या. कुणीतरी म्हणालं, "देवाचीच कृपा." कुणीतरी ते वहीत लिहिलं.

बबी धावत आली आणि तिने ताईला मिठी मारली. "आत्या, मला का नाही सांगितलंस? मी तुझ्याबद्दल काय काय विचार करत होते गं..."

दादांना हाताचं कळलं होतं तर. कधी, कुणास ठाऊक. खिसा हलताना त्यांनीही बघितला असेल. बाकीचं त्यांनी जुळवलं, आणि चुकीचं जुळवलं. स्वतःच्या जुळवण्यावर त्यांचा इतका विश्वास बसला होता की त्यांचे डोळे पाणावले होते. ताईने वहिनीकडे बघितलं. वहिनीने रंगाची वाटी हातात घेतली होती आणि मान खाली घातली होती. रंग वाटणारी बाई. चेहऱ्यावर काही नाही. तीस वर्षांत तिला ते छान जमायला लागलं होतं.

"आता रंगवून दाखव ना, आत्या," बबी म्हणाली.

"पाठीशी कुणी उभं राहायचं नाही," ताई म्हणाली. तोंडातून आपोआप निघालं. "तात्यांचा नियम आहे."

"खरंच की." बबी मुलांकडे वळली. "चला, आपण अंगणात थांबू. चेहरा रंगवताना त्या एकट्याच असतात. झालं की बोलावतील. बाबा, काका, चला. आई, तू पण."

"मी? मी वाट्या धरते," वहिनी म्हणाली.

"वाट्या तिथेच ठेव. आज आत्याला एकटीला राहू दे गं. नियम म्हणजे नियम."

वहिनीने ताईकडे बघितलं. वहिनीने वाटी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि सगळ्यांच्या मागून बाहेर गेली. दार लागलं.

घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. ताई उठली आणि एका हाताने धरत धरत परांचीच्या चार पायऱ्या चढली. तुकडा अगदी हवा तसा धरला होता; बोट टेकवलं तर गार लागावं आणि बोटाला काही येऊ नये. नानाचं काम. तिने उजवा हात बाहेर काढला. तो आपल्या तंद्रीत हलत होता. तिने डाव्या हातात ब्रश धरून बघितला, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

तरी ती नियमाप्रमाणे उभी राहिली. एका जिवंत माणसासाठी मागायचं. तिने मागून बघितलं. दर वेळी 'मला वाचव' एवढंच येत होतं. चाळीस वर्षांत तिने चेहऱ्याआधी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, आणि आज दुसरं काही येत नव्हतं. इतका कोरडा चुना तिने कधी पाहिला नव्हता, आणि तो तर ओला होता.

ती उतरली. बारा बावीस. तिने दार उघडलं. अंगणात मुलं घोळक्याघोळक्याने बसली होती, दादा त्यांना काहीतरी रंगवून सांगत होते, आणि वहिनी एकटी नळापाशी उभी होती, नळ बंद असून.

"वहिनी," ताईने हाक मारली. "आत ये. तुकडा वाळतोय."

"काही हवंय का, बाई?" एका मुलाने विचारलं.

"हो. सगळेच या. तुम्हाला एक चुकीची गोष्ट सांगितली गेली, ती दुरुस्त करायचीय." तिने उजवा हात वर केला, सगळ्यांना दिसेल असा, आणि त्याला हवं तसं हलू दिलं. "हा हात सव्वा वर्षापूर्वी गेला. डावा मी शिकले नाही, मला तेवढी अक्कल नाही. पहिले दोन चेहरे माझे. पुढचे सात हिचे. डावखुरी ही आहे, माझी वहिनी. मघाशी टाळ्या तुम्ही चुकीच्या बाईला वाजवल्यात."

*

"ताई!" दादांचा आवाज चिरकला. "तू काय बोलतेयस कळतंय का तुला? सहावं कलम..."

"कळतंय. तूच लिहिलंयस, छान लिहिलंयस."

"मी आत्ता सगळ्यांसमोर काय सांगितलं! माझी काय शोभा!"

"तुझी शोभा नंतर बघू, दादा."

वहिनी जागची हलली नव्हती. तिला वाटलं होतं की असं झालं तर आपण मोकळ्या होऊ, रडू, निदान बरं वाटेल. तिला आला तो राग, भडकून.

"कशाला बोललात?" ती म्हणाली. मुलं ऐकत होती, लेक ऐकत होती, तिला पर्वा नव्हती. "मी मागितलं होतं का नाव? खरवडतील ते, ताई! सातही खरवडतील! तो चौथा, तो भांडं वाकवणारा, त्याच्या ओठांना मला चार तास लागले होते. तुम्हाला खरं बोलायचं होतं तर भिंत पुरी झाल्यावर बोलायचं. मेल्यावर बोलायचं. आज कशाला?"

"कारण तुला बाहेर घालवलं," ताई म्हणाली. "तुझ्याच भिंतीपासून. तुझ्याच पोरीने. आणि मी बघत बसले."

बबीने हाताने तोंड झाकलं होतं. "आई," ती म्हणाली. आईच्या डाव्या हाताच्या नखांत रंग असतो हे ती जन्मापासून बघत आली होती. त्याचा अर्थ तिला आज लागला.

"मला अध्यक्षांना कळवावं लागेल," दादा म्हणाले. "बावीस साक्षीदार आहेत. मी मंडळाचा सल्लागार आहे. लपवलं तर माझ्यावर येतं." ते फोन काढून फाटकाकडे गेले. जाताना त्यांनी मागे वळून ताईकडे बघितलं, आणि त्यात रागापेक्षा काळजीच जास्त होती, पण फोन त्यांनी कानाला लावला.

मग गोणीवर बसलेले नाना मनगटावरचं घड्याळ बघून म्हणाले, "साडेबारा. दीड तास राहिलाय."

"अहो, कसला दीड तास? खरवडायच्या भिंतीवर आणखी एक चेहरा कशाला चढवू?"

"खरवडायचं त्यांचं काम ते करतील. तुकडा मी लावलाय तो वाया घालवायला नाही लावला."

वहिनी आत गेली. का गेली ते तिला सांगता आलं नसतं. ओला तुकडा आणि घड्याळ, या घरात बायका त्यावरच चालत. ताईने खुर्ची खलापाशी ओढली आणि थरथरता उजवा हात बत्त्यावर ठेवला. "मी वाटते," ती म्हणाली. "हलणारा हात वाटायला बरा."

मुलं दारापाशी घुटमळत होती. "आई, आम्ही बाहेर थांबू का?" बबीने विचारलं.

वहिनीने परांचीवरून वळून बघितलं. "बसा इथेच. पाठच दिसेल माझी. दिसू दे."

बावीस जणं आणि बबी सतरंजीवर बसली. चष्मेवाली सगळ्यांत मागे, दिवा बंद करून.

वहिनी कोऱ्या चुन्यासमोर उभी राहिली. सात वेळा ती अशी उभी राहिली होती आणि सातही वेळा तिने एकच मागितलं होतं, की ताईंचा हात बरा होऊ दे. सातही चेहरे झाले आणि हात काही बरा झाला नाही. आज तिने पहिल्यांदा स्वतःसाठी मागितलं. फार नाही, पहिली रेघ चुकू नये एवढंच.

दारात दादा आले. "अध्यक्ष निघालेत," ते म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "अर्ध्या तासात पोचतील. बरोबर मंडळाचे आणखी दोघे आहेत. मी त्यांना म्हटलं... मी म्हटलं, आधी बघा, मग ठरवा. ते काही बोलले नाहीत."

"येऊ दे," नाना म्हणाले. "जपून यायला सांग. खाली चुना सांडलाय."

वहिनी पदराला हात पुसून तुकडा चाचपायला लागली, बोटाने, कडेकडेने. उजवी कड आधी धरली होती. डावी अजून गार, मऊ होती. हे नेहमीचंच, तिला उजवीकडून सुरुवात करावी लागे, नाहीतर तिचाच हात ओल्या रंगावरून फिरायचा, आणि चुनाही नेहमी उजवीकडूनच धरत आलेला असे. आपलं नशीब, असं ती समजायची. तेवढ्यात तिला त्या मुलीचा प्रश्न आठवला, मघाशी टाळ्यांत बुडून गेलेला. चौथ्यापासून गिलाव्याची ओढसुद्धा उलटी आहे.

तिने खाली बघितलं. नाना थापी धूत होते. धुतलेलीच थापी.

"अहो."

"हं."

"तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

नानांनी मान वर केली नाही. "तिसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. रेघा बघितल्या. डावी कड सगळी फिसकटली होती, मनगट लागून. म्हटलं हिला उजवीकडून लागतंय. मग उजवीकडून लावायला लागलो."

"आणि बोलला नाहीत? सव्वा वर्ष?"

"तू तरी कुठे बोललीस?" त्यांनी थापी फडक्याला पुसली. "आता बोलू नकोस. वाळतंय ते."

खाली खलात ताईचा बत्ता वेडावाकडा वाजत होता. फाटकाबाहेर मोटार थांबल्याचा आवाज आला, अर्ध्या तासाच्या कितीतरी आधी. सतरंजीवरची डोकी दाराकडे वळली. वहिनीने वळून बघितलं नाही. तिने डाव्या हातातला ब्रश रंगात बुडवला आणि म्हातारीच्या कपाळाच्या उजव्या कडेला टेकवला.